बांधापलीकडचं न्यूझीलंड

आमच्या शाळेचं नाव 'इंटरनॅशनल प्रायमरी स्कूल' का, असं लोक मला विचारतात आणि विचारताना गालात हसतात. कारण अगदी साधं आहे. पारोळ्याकडून धुळ्याकडे जाताना रस्त्यावर एक 'पब्लिक स्कूल' आधीच होतं, 'इंग्लिश मीडियम' दोन होती आणि 'ग्लोबल' नावाचा ढाबा होता. आमचे संस्थापक तोतारामनाना यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी शिल्लक राहिलेलं नाव उचललं. पहिली ते चौथी, चार खोल्या, वर पत्रे, दारात कडुनिंब, एवढाच काय तो आमचा आंतरराष्ट्रीय संसार.

मी जळगावच्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेला चित्रकलेचा शिक्षक. माझ्याजवळ एक कोट होता आणि मी इंग्रजी सावकाश बोलतो, त्यामुळे नानांनी मला प्रिन्सिपॉल केलं. सावकाश बोललेलं इंग्रजी ऐकणाऱ्याला फार विचारपूर्वक वाटतं. खरं म्हणजे तेव्हा मी पुढचा शब्द शोधत असतो.

शाळेची जागा यशोदाआक्कांची. आक्का एकट्या राहतात, मुलगा परदेशात. आमच्या भागात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आखाजीला ठेवतात आणि पुढची अक्षय तृतीया आली की त्याला ठेवायचं की निरोप द्यायचा ते ठरवतात. आक्कांनी शाळाही तशीच सालावर ठेवली होती. कागद नाही, सही नाही. चार खोल्या आणि मागचं बिघाभर वावर, या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत. त्या दिवशी आक्का 'नाही' म्हणाल्या की शाळा बंद, कारण गावात दुसरी जागाच नव्हती. मुलं पुन्हा पारोळ्याच्या रिक्षांत कोंबली जाणार आणि मी जळगावला गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

श्रावणात हेमलता मॅडम म्हणाल्या की इंटरनॅशनल शाळेतल्या मुलांना निदान देश कुठे आहेत एवढं तरी कळावं. भिंतीवर एक नकाशा लावू या. हेमलता मॅडम आमच्याकडे चित्रकला सोडून सगळं शिकवतात. त्यांची सूचना अगदी साधी होती. नकाशा लावला असता, त्यावर धूळ बसली असती आणि मी आज ही हकीकत सांगत बसलो नसतो.

पण मला दुपारी जागेपणी स्वप्नं पडतात. ही सवय नोकरीत लागली. आठवीच्या वर्गाला 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की अख्खा तास खिडकीबाहेर बघायला मोकळा मिळायचा. त्या दिवशीही डबा खाऊन मी खिडकीशी बसलो होतो. मागच्या पडीक वावरावरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. एक सावली थेट दक्षिण अमेरिकेसारखी दिसली, थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. मला फार हुरहुर लागली. मी मॅडमना म्हणालो, भिंतीवर कशाला, आपण जग पेरू या.

तोतारामनानांना कल्पना एकदम पसंत पडली, कारण बियाणं त्यांच्या दुकानातून जाणार होतं. दसरा झाल्यावर मी सुतळी, खुंट्या आणि फक्कीचं घमेलं घेऊन वावरात उतरलो. मॅडमनी ॲटलास पुढे केला. मी तो नम्रपणे परत दिला. उभा जन्म चित्रकलेत घालवलेल्या माणसाला जग पाहून काढावं लागत असेल तर मग झालंच. अलास्कापासून सुरुवात केली. दुपारी आफ्रिका उतरली, आणि ती इतकी सुबक उतरली की मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. त्या आफ्रिकेनंच घात केला, कारण ती जरा मोठी झाली आणि पुढचं सगळं पूर्वेकडे सरकलं. ऑस्ट्रेलिया कसाबसा बसला. त्यानंतर न्यूझीलंड काढायला गेलो तर पायाखाली बांध आला. बांधापलीकडचं वावर चुडामणआबांचं. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. दोन लहानशी बेटं, ती काय कुणाच्या लक्षात येणार? चित्र कुठे थांबवावं हे कलावंताला कळलं पाहिजे, असं मनाशी म्हणून मी हात झटकले.

खंडांची वाटणी पालकसभेत झाली, आणि शिक्षणशास्त्रात अशी पद्धत कुठे सांगितली असेल असं मला वाटत नाही. गावात भाऊ वेगळे निघतात तेव्हा थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. पालकांनी तोच नियम लावला. चौथीनं वाटे पाडले आणि पहिलीला आधी उचलायला सांगितलं. पहिलीच्या पालकांनी कोपऱ्यात जाऊन खल केला आणि अंटार्क्टिका मागितली. सभेत हळहळ पसरली. मला आधी कळेना, मग कळलं. अंटार्क्टिका विहिरीला लागून होती, पाण्याच्या व्हॉल्व्हच्या अगदी तोंडाशी, माती काळीभोर. युरोप होता मुरमाड टेकाडावर, पाण्यापासून सगळ्यांत लांब. तो तिसरीच्या वाट्याला आला. एक पालक दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि पोरीच्या नशिबी युरोप आल्याबद्दल त्यांनी बराच वेळ दुःख केलं. मी म्हणालो, भाऊ, युरोप फार संपन्न आहे. ते म्हणाले, असेल, पण पाणी पोचत नाही तिथे.

आशियात गहू पेरला, आफ्रिकेत हरभरा, उत्तर अमेरिकेत मका, दक्षिण अमेरिकेत दादर ज्वारी, युरोपात मेथी, ऑस्ट्रेलियात कांदा. अंटार्क्टिकात मुळे लावले, निदान जमिनीखाली तरी पांढरं असावं म्हणून. ही सूचना माझी. समुद्र तेवढा कोरडा ठेवला आणि त्यावरून मुलांनी ये-जा करायची असं ठरलं.

आणि मग ते हिवाळ्याचे महिने आले. आजही डोळे मिटले की मी तिथे जातो. सकाळी वावरावर धुकं उतरलेलं असायचं आणि जगाला कडाच नसायच्या. मुलं लोकरीच्या टोप्या घालून अटलांटिकातून चालत यायची. हजेरी घेताना मला कुठूनतरी गव्हातून 'यस सर' ऐकू यायचं आणि बोलणारा दिसायचा नाही. पहिलीतलं एखादं पोर चीनमध्ये झोपी जायचं आणि मधल्या सुट्टीत त्याला शोधावं लागायचं. दुपारी ऊन मऊ पडे. हेमलता मॅडम हिंदी महासागरात सतरंजी टाकून पाढे घेत, आणि तो आवाज ऐकत मी खिडकीत बसल्या बसल्या कितीतरी देश हिंडून येई. मी सुखी होतो. इतकं सुखी असू नये हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पहिलं विघ्न शेळ्यांचं. कुणाच्या तरी शेळ्या एका शनिवारी आल्या आणि युरोप खाऊन गेल्या. ज्या पालकांनी युरोपाबद्दल दुःख केलं होतं, तेच आता नुकसानभरपाई कोण देणार म्हणून विचारू लागले. पण हे विघ्न म्हणजे काहीच नव्हतं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी यशोदाआक्का स्वतः जग बघायला आल्या.

डोक्यावरचा पदर सावरत त्या सगळे समुद्र फिरल्या. हरभरा खुडून तोंडात टाकला, गव्हाला बरं म्हणाल्या. मी कोट घालून मागे मागे, देशांची नावं सांगत. आक्का ऑस्ट्रेलियाच्या कांद्यापाशी थांबल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या.

"सर, यामा मना गोपाल कोठे शे?"

गोपाल म्हणजे त्यांचा मुलगा. न्यूझीलंडमध्ये एका मोठ्या गोठ्यावर नोकरीला. मी फार सावकाश मराठीत सांगितलं की न्यूझीलंड आहे, पण जरा पुढे आहे, म्हणजे बांध मध्ये आल्यामुळे ते आपल्याला इथून दिसत नाही. आक्कांनी बांधाकडे पाहिलं. मग त्या जे बोलल्या ते शांतपणेच बोलल्या.

"ज्या जगमा मना आंडोर नही, त्या जगले मी मनी जमीन कसाले देऊ? आखाजीले देखू."

आंडोर म्हणजे मुलगा, एवढं मलाही कळत होतं. आक्कांचं 'आखाजीले देखू' म्हणजे काय हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत बातमी दुकानात पोचली, आणि मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाले, न्यूझीलंड उचलून आफ्रिकेशेजारी ठेवा, आक्कांना काय कळतंय? हेमलता मॅडम म्हणाल्या की चौथीच्या मुलांना कळतंय. दुसरे म्हणाले, सगळं जगच दोन हात पश्चिमेला सरकवा. उभा गहू सरकत नाही हे त्यांना सांगावं लागलं, आणि ते स्वतः शेतकरी होते. आमच्या सौभाग्यवतींनी जळगावहून फोनवर विचारलं की ॲटलास समोर असताना तो का नाही घेतला. मी रेंज नसल्याचं सांगितलं.

शेवटी तोतारामनानांनी तोडगा काढला. दोन घमेल्यांत माती भरून मेथी पेरायची आणि घमेली बांधावर ठेवायची. उत्तर बेट, दक्षिण बेट. आम्ही ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बेटं उलटी होऊन ऑस्ट्रेलियात पडलेली होती आणि बांधावर चुडामणआबा उभे होते.

"बांध अर्धा मना शे," आबा म्हणाले. "मना बांधवर परदेश नको."

इथे मला त्या बांधाचा इतिहास समजला. चुडामणआबा आक्कांचे चुलत दीर. आक्कांचे यजमान गेले त्या वर्षापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आक्कांचं म्हणणं, आबा दरवर्षी नांगराच्या एका तासानं, म्हणजे एका ओळीनं, बांध कोरतात. आबांचं म्हणणं, बांध आक्काच सरकवतात. दोघांचंही खरं मानलं तर बांध एव्हाना नाहीसा व्हायला हवा होता. पण तो चांगला जाडजूड होता आणि त्यावर बोरी वाढल्या होत्या.

नाना म्हणाले, सरकारी मोजणी आणू, अर्धा बांध आपला निघाला तर घमेली आपल्या अर्ध्यावर ठेवू. मी तालुक्याला मोजणीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी मोजणीचं कारण विचारलं. मी खोटं बोलू शकत नाही, निदान तयारी नसताना तर नाहीच. मी म्हणालो, न्यूझीलंड. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ते कोणत्या गट नंबरात येतं ते विचारलं. मी जगाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती मनापासून ऐकली, चहा मागवला, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली आणि मग म्हणाले की उभं पीक निघाल्याशिवाय मोजणी होत नाही. त्यापुढे नंबर लागणार, म्हणजे आखाजीनंतर. एसटीत परत येताना मी कोट काढून मांडीवर ठेवला होता. इतका अपमान मला निरोपसमारंभात माझं नाव चुकीचं वाचलं तेव्हाही वाटला नव्हता.

मग एकच वाट उरली. पौषात एका संध्याकाळी मी चुडामणआबांच्या खळ्यावर गेलो. आबांनी खाट दाखवली, चहा आला, आणि आम्ही दोघं मावळतीकडे तोंड करून बसलो. मला कुठून सुरुवात करावी कळेना. मी म्हणालो, आबा, मुलांची शाळा जाईल हो. मग मी गोपालबद्दल सांगू लागलो, म्हणजे आक्कांकडून ऐकलं होतं तेवढं.

"गोप्या तठे करस काय?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं की गायी सांभाळतो. पहाटे उठून दूध काढतो, गोठा धुतो. आबांच्या अंगाखांद्यावर वाढलेला हा पोरगा. बांधाचं भांडण झालं तेव्हा तो कॉलेजात होता, आणि परदेशी निघाला त्या दिवशी आबा आपल्या वावरात उभं राहून त्याची गाडी जाताना बघत होते, हे मला नंतर कळलं. आबा आधी हसले.

"अठे म्हैसना शेनले हात लावा नही पोऱ्यानी," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

काही दिवसांनी सकाळी धुकं निवळलं तेव्हा बांधाच्या पलीकडे दोन वाफे दिसले. आबांनी ते मनानंच काढले होते. न्यूझीलंडशी त्यांचं साम्य बेताचंच होतं. कुणीतरी दोन रताळी शेजारी ठेवावीत तसे ते दिसत. त्यांत लसूणघास हा गुरांचा चारा पेरला होता. गायींच्या मुलखात मेथी कशाला, असं आबांनी परस्पर ठरवलं होतं. मॅडमनी ॲटलास उघडला तो मीच मिटवला.

आक्का आल्या, ऑस्ट्रेलियाच्या टोकाला बांधाशी उभ्या राहिल्या आणि पलीकडे बघत राहिल्या. बांध ओलांडला नाही. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. आबाही त्याच वेळेला घासात खुरपं घेऊन बसलेले असत. दोघं बोलत नसत. मुलांनी मात्र एकदा मला विचारलं की आबा न्यूझीलंडचे राजे आहेत का, आणि मी हो म्हणालो.

माघ-फाल्गुनात जग पिकलं. अंटार्क्टिकाचे मुळे घरोघर गेले. आफ्रिकेचा हरभरा आम्ही वावरातच भाजून खाल्ला आणि सगळ्यांची तोंडं काळी झाली. गहू निघाला, दादर निघाली, कांदे उपटले. चैत्रात सगळीकडे फुफाटा आणि धसकटं राहिली. खंड कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते ओळखू येईना. दुपारी उन्हात सगळं हलल्यासारखं दिसे. त्या सगळ्या तपकिरी जगात फक्त न्यूझीलंड हिरवं होतं. कोणत्याही खोलीतून बघा, डोळा तिथेच जायचा.

आणि त्याच सुमारास आबांच्या विहिरीनं तळ गाठला. घास कडेनं पिवळा पडू लागला. मुलं शाळा सुटल्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी बांधावरून तिकडे टाकत. आक्कांच्या विहिरीला पाणी होतं, पण मधे बांध होता. आबा मागणार नाहीत आणि आक्का देणार नाहीत, असं सगळा गाव म्हणत होता. मी रोज खिडकीतून तो पिवळेपणा बघायचो. आखाजीच्या आत न्यूझीलंड वाळलं तर आक्का काय ठरवतील हे सांगायला कुणी जोशी लागत नव्हता.

आखाजीच्या आदल्या दिवशी गोपालचा फोन आला, माझ्या फोनवर. मॅडमनी त्याला जगाचे फोटो पाठवले होते. तो आधी खूप हसला, मग हळू आवाजात बोलू लागला. म्हणाला, "सर, एक अडचण आहे. मी दोन महिन्यांपूर्वीच नोकरी बदलली. मी आता ऑस्ट्रेलियात असतो. आईला सांगायला जीभ रेटत नाही. ती रोज त्या घासाबद्दल बोलते. तुम्ही सांगाल का?"

मी भर उन्हात खुर्चीवर बसून राहिलो. नाना मात्र हे ऐकून उड्या मारायचे बाकी राहिले. ऑस्ट्रेलिया म्हणजे आक्कांच्या स्वतःच्या वावरात. भलामोठा, बांधाच्या अलीकडे. न्यूझीलंडची गरजच संपली, आबांची मनधरणी संपली, मोजणी नको, पाणी नको. नाना म्हणाले, सर, आता शाळा कुठे जात नाही. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण बांधापलीकडचे ते दोन वाफे डोळ्यांपुढून हलेनात आणि मला फार वाईट वाटत होतं.

आखाजीला कडुनिंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत झोके घेत होत्या, घराघरांतून पुरणाचा वास येत होता. आक्का पितरांची घागर पुजून थेट शाळेत आल्या. मी, नाना आणि मॅडम त्यांच्याबरोबर मागे वावरात गेलो. मी कोट घातला नव्हता. ऑस्ट्रेलियात उभं राहून मी सांगितलं, "आक्का, गोपाल आता इथे असतो. आपण उभे आहोत तिथेच. न्यूझीलंड सोडलं त्यानं."

आक्कांनी पायाखालच्या कोरड्या मातीकडे पाहिलं. मग बांधापलीकडे. आबा पिवळ्या पडलेल्या घासाशी उकिडवे बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं, पण मान वर केली नाही. नाना पुढे होऊन म्हणाले की आता त्या तुकड्याची काही गरज नाही, मी आबांना तसं सांगून टाकतो.

आक्का विहिरीकडे गेल्या. येताना हातात कुदळ होती. त्यांनी पदर खोचला आणि बोरी टाळून बांधावर पहिला घाव घातला. ज्या बांधाचं ढेकूळसुद्धा त्यांनी कुणाला हलवू दिली नव्हती, तो त्या स्वतः फोडत होत्या. माती पलीकडे ढासळली तसे आबा उठले.

"वहिनी, राहू द्या," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी आक्कांना पहिल्यांदा हाक मारली होती. "पोऱ्या तं गया तठीन."

"त्यानं काय? तो आज अठे, सकाय तठे," आक्का म्हणाल्या. कुदळ थांबली नाही. "तुमनं वावर तं जागावरच शे ना, भाऊ. पानी नही भेटनं तं वाळी जाई."

आबांनी त्यांच्या हातातून कुदळ घेतली आणि उरलेला बांध पलीकडून स्वतः फोडला. मॅडमनी जाऊन व्हॉल्व्ह उघडला. पाणी अंटार्क्टिकातून निघालं, तापलेल्या समुद्रातून वाट काढत, ऑस्ट्रेलियाला वळसा घालून हळूहळू आलं. आम्ही सगळे त्याच्या बाजूनं चालत होतो. फोडलेल्या बांधाशी ते जरा घुटमळलं, मग पलीकडे उतरलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

आक्का ओल्या मातीतून बांधापलीकडे गेल्या. घासातून हात फिरवला. मग वळून माझ्याकडे पाहिलं, पायाखालच्या वाफ्याकडे बोट केलं आणि पुढच्या सालाचं काय ते सांगितलं.

"सर, पुढला साले जग काढश्यात तं सुरवात अठीन करा. बाकीनं मावनं तं मावनं."